कार्ड न आलेलं घर

आमच्या घरी देवाबद्दल काहीही बोलायची मुभा होती, फक्त चुकीचं बोलायची नव्हती. त्यातही निवडीबद्दल कोणी चुकीचं बोललं की बाबा हातातला घास ताटात ठेवत आणि मग वरण गार होईपर्यंत सगळ्यांनी ऐकायचं. लहानपणी मी जेवढं गार वरण खाल्लं, तेवढं नागपुरात दुसऱ्या कोणी खाल्लं नसेल.

निवड म्हणजे काय ते आधी सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. आमचं चर्च स्कॉटलंडहून आलेल्या साहेबांनी सुरू केलेलं. साहेब केव्हाच गेले, पण त्यांची कॅल्विनपंथी शिकवण इथंच राहिली आणि नागपूरच्या उन्हात अजून टिकून आहे. तिच्यातला सगळ्यात टोचणारा भाग हा की जग घडायच्या आधीच देवाने तारण्यासाठी आपली माणसं निवडली. त्यांचा चांगुलपणा बघून नाही, हुशारी बघून नाही, घराणं बघून तर नाहीच. नुसत्या कृपेने. शाळेत मैत्रिणींना मी हे एकदा समजावून सांगायला गेले, तर एकजण म्हणाली, "मंग तुमचा देव चीटिंग करते." मी ते घरी येऊन बाबांना जसंच्या तसं सांगितलं आणि त्या दिवशी वरणाबरोबर भातही गार झाला.

बाबा रेल्वेत आरक्षणाच्या खिडकीवर बसत. ही नोकरी आणि हा सिद्धांत एकाच माणसाच्या गळ्यात पडावा, यात देवाचा खट्याळपणा आहे असं मला कायम वाटत आलं. ऑफिसातले सहकारी त्यांना सोडतात होय! "म्हणजे तुमच्या देवाचा चार्ट लागून गेला म्हणा की," एकजण म्हणायचा. "आमचं वेटिंग क्लिअर होईन का, पाहून सांगा ना." दुसऱ्याचा प्रश्न त्याहून पक्का असायचा. चार्ट लागलाच आहे तर दर रविवारी प्रार्थना कशाला करता? बाबा तिथंही घास खाली ठेवत, म्हणजे पेन खाली ठेवत, आणि खिडकीसमोरची रांग ताटकळत राही.

त्यांचं उत्तर मला पाठ आहे. "पीक यावं असं देवानं ठरवलं असन, तर पेरणीही त्यानंच ठरवली असते. पेरल्याबिगर उगवते का काही?" असेल माझा हरी तर देईल खाटल्यावरी, असं म्हणून जो पांघरूण ओढून झोपतो, त्याला निवड कळलेली नाही, खाट कळली आहे, असं ते म्हणत. हे वाक्य ते दर वेळी आत्ताच सुचल्यासारखं म्हणत.

शेजारच्या काकूंचं म्हणणं वेगळं. "आमच्यात सटवाई लिहिते कपाळावर, तुमच्यात येशू लिहिते, एवढाच फरक," असं म्हणून त्या निवांतपणे मिरच्यांची देठं खुडत. बाबांना हे सगळ्यात जास्त झोंबायचं. सटवाई येते, लिहिते आणि निघून जाते. लिहिलेल्याचं पुढे काय झालं हे बघायला ती परत येत नाही. आपला देव निवडतो आणि मग त्या माणसाच्या मागे मागे फिरतो, असं त्यांचं म्हणणं. काकू मान डोलवत आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा सटवाईपासून सुरू करत.

चर्चमधले लोक तरी शहाणे असतील असं वाटेल, तर तसंही नाही. एका गृहस्थांनी नवी मोटार घेतली आणि साक्षीच्या वेळी, म्हणजे देवाने आपलं काय भलं केलं ते सांगायच्या वेळी, उभं राहून सांगितलं की देव आपल्या निवडलेल्यांना काही कमी पडू देत नाही. बाबा पुढच्या बाकावरून मागे वळून, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "गाडी तुम्ही निवडली. देवानं कोणाले निवडलं ते गाडीच्या टपावर लिहून नसते." ते गृहस्थ पुढची चार वर्षं आमच्याशी बोलले नाहीत. आई म्हणायची, बाबांना सिद्धांत आवडतो, माणसं आवडत नाहीत.

मीही काही कमी नव्हते. दहाव्या वर्षी मी एका वहीत याद्या केल्या होत्या. डाव्या पानावर निवडलेले, उजव्या पानावर न निवडलेले. रविवारच्या शाळेतल्या बाई हार्मोनियम वाजवता वाजवता कान पिरगाळत, म्हणून त्या उजवीकडे. चर्चचे पाळकसाहेब डावीकडे, पण त्यांचं कुत्रं उजवीकडे, कारण ते चावलं होतं. बाबांना वही सापडली. त्यांनी सगळी शांतपणे वाचली आणि विचारलं, "तुहं नाव सगळ्यात वर काहून?"

"मी पाठांतरात पहिली आली म्हणून."

"पहिली आली म्हणून देल्लं तर त्याले बक्षीस म्हणतेत, निवड नाही म्हणत," असं म्हणून त्यांनी दोन्ही पानं फाडली. कोण कुठल्या पानावर हे माणसाला कळत नाही, कळायचं कामही नाही, हे मला त्या दिवशी समजलं. पण बाई उजवीकडे आहेत याबद्दल माझ्या मनात आजही शंका नाही.

आता कार्डांकडे येते, कारण सगळा गोंधळ कार्डांचाच आहे.

आमच्याकडे प्रभुभोजन तीन महिन्यांतून एकदा असतं. पावाचा तुकडा आणि द्राक्षरसाची इवलीशी पेली. द्राक्षरस म्हणजे मनुका भिजवून काढलेलं पाणी. त्याच्या आधीच्या आठवड्यात चर्चचे पंच आपापल्या वाट्याच्या घरी जात आणि प्रत्येक सभासदाला नाव घातलेलं एक कार्ड देत. रविवारी ते कार्ड ताटात टाकायचं आणि बसायचं. साहेबांच्या काळात म्हणे धातूचे बिल्ले होते. घरी जाण्यामागे हेतू असा की कोणाचा काही भांडण-तंटा असेल तर पंचाने आधी तो मिटवावा आणि मगच कार्ड द्यावं. नळावरून भांडलेल्या दोन जावांची कार्डं बाबांनी एकदा पूर्ण तिमाही खिशात ठेवली होती.

बाबा तीस वर्षं पंच होते. स्कूटरवरून, डोक्याला उपरणं गुंडाळून, घरोघर कार्डं वाटत फिरायचे. आणि प्रत्येक घरी सांगायचे की बाई, ही हजेरीची चिठ्ठी आहे, स्वर्गाचं तिकीट नव्हे. ऐकतो कोण! लोकांनी कार्डं देवाच्या वचनाच्या चौकटीत खोचली, बायबलमध्ये दाबून ठेवली. एका म्हातारीने ऑपरेशनला जाताना उशीखाली ठेवलं. मुलगी बघायला आलेल्यांनी मुलाचं वर्णन "नोकरी पक्की, कार्ड चालू" असं केलेलं मी स्वतःच्या कानांनी ऐकलं आहे. कार्ड आलं म्हणजे निवडलेला, नाही आलं म्हणजे वगळलेला, हा आमच्या मंडळीचा खरा धर्म होता. बाबा त्याविरुद्ध तीस वर्षं लढले आणि दर तिमाहीला हरले.

मग मी लग्न केलं. मुलगा बौद्ध, नागपुरातल्याच नंदनवनचा, माझ्याबरोबर पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करणारा. आम्ही नोंदणी करून मोकळे झालो. पंचमंडळाने निरोप पाठवला की मी त्यांच्यापुढे येऊन खेद व्यक्त करावा, म्हणजे कार्ड सुरू राहील. मला खेद नव्हता. मला नवरा होता. मी गेले नाही, आणि माझं कार्ड आलं नाही. माझ्या भागाचे पंच कोण, हे सांगायला नकोच.

लग्नानंतरच्या पहिल्या प्रभुभोजनाआधी बाबा स्कूटरवरून आमच्याकडे आले. शर्टाचा खिसा कार्डांनी फुगलेला. नवऱ्याने पाणी दिलं. बाबा पाणी प्यायले, त्यांनी भारताच्या फलंदाजीला नावं ठेवली, कूलरचा पंप नीट चालतो का ते वाकून बघितलं आणि गेले. तीन महिन्यांनी पुन्हा तेच. ताकाला जाऊन भांडं लपवण्याचा हा कार्यक्रम वर्षानुवर्षं चालला. त्यांनी कार्ड काढलं नाही, मी मागितलं नाही. दोघंही एकाच मातीचे.

या विषयावर त्यांना तोंडावर बोलणारा एकच माणूस भेटला, तो म्हणजे माझे सासरे. सासरे पोस्टमन होते. मूळ गाव रामटेककडचं, अजून तिकडून आमच्याकडे तांदूळ येतो. आमच्या मुलाच्या पहिल्या वाढदिवसाला दोघं व्याही शेजारी जेवायला बसले होते. सासऱ्यांनी सहज विचारलं की तुमच्यात ते निवडीचं काय असतं. बाबांनी उत्साहाने सगळं सांगितलं, जग घडायच्या आधीपासून. सासरे शेवटपर्यंत ऐकत राहिले.

"जन्माच्या आधीच कोणीतरी ठरवून टाकलं, हे आमच्या लोकाईनं लय ऐकलं, व्याही," ते म्हणाले. "त्याले जात म्हणतेत. माह्या बापानं छप्पन साली ते फेकून देल्लं. आम्ही आमच्या मनानं निवडलं. आम्हाले कोणी निवडाची गरज नाही."

बाबांचा घास ताटात गेला. ते म्हणाले, "जात जन्म पाहून ठरते. ही निवड जन्म पाहतच नाही. त्याच्यापुढे कोणाचं घराणं चालत नाही, कोणाचं सोवळं चालत नाही. साऱ्यांचे हात रिकामे. एकदम उलटी गोष्ट हाय, व्याही. लोकं उलटी समजतेत."

"चांगली गोष्ट हाय मंग," सासरे म्हणाले. "मंग पोरीचं कार्ड काहून अडलं?"

"कार्ड म्हणजे निवड नाही. हजेरीचं हाय ते."

"हजेरीचंच हाय तं देऊन टाका ना बाप्पा. मी पस्तीस वर्षं टपाल वाटलं. ज्याचं पत्र त्याच्या हातात द्याचं, एवढंच आमचं काम. तो माणूस कसा हाय हे पाहून नाही ठरवत पोस्टमन."

बाबांनी खाली मान घालून गार वरण-भात संपवला. मला फार बरं वाटलं, हे कबूल करते. त्यांच्यासाठी वाईटही वाटलं, पण ते नंतर, भांडी घासताना.

दोन वर्षांपूर्वी आई गेली. बाबा तोवर ब्याऐंशीचे झाले होते, कान अधू, स्कूटर विकलेली, पंचपदही त्याआधीच सोडलेलं. मी त्यांना नंदनवनला घेऊन आले. एका घरात दोन म्हातारे, दोघांना एकच वर्तमानपत्र. सकाळी भांडण आतल्या पानावरून सुरू व्हायचं आणि दुपारपर्यंत देवापर्यंत पोचायचं. माझा नवरा अशा वेळी गॅलरीत जाऊन झाडांना पाणी घालतो. आमची झाडं पाण्याने कुजली.

बाबा दर रविवारी रिक्षाने चर्चला जात. मी त्यांना फाटकापाशी सोडायची आणि उपासना संपली की आणायला जायची. तीन महिन्यांतून एक रविवार असा यायचा की त्यांचं अंग दुखायचं. कधी गुडघा, कधी पोट. मी लॅबवाली बाई, रक्त बघून माणसाचा रोग ओळखते, पण वर्षभर माझ्या लक्षात आलं नाही की हे दुखणं नेमकं प्रभुभोजनाच्याच रविवारी येतं.

मागच्या वर्षी त्यांच्या पोटात गाठ निघाली. डॉक्टरांनी ऑपरेशनची तारीख दिली, मंगळवारची. त्याच्या आधीचा रविवार प्रभुभोजनाचा होता. मी म्हटलं, बाबा, या वेळी गुडघा दुखला तरी जाऊ, मी उचलून नेते. ते भिंतीकडे तोंड करून पडून राहिले.

"माहं कार्ड नाही आलं," ते म्हणाले.

"कोणतं कार्ड?"

"इथं आल्यापासून नाही आलं. चार वेळा झालं. मी वाट पाहून राहिलो."

मला आधी हसू आलं. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, ही म्हण मी त्यांच्या तोंडावर फेकणार होते. मग त्यांनी माझ्याकडे तोंड वळवलं आणि हसू जिरलं. बाबा घाबरले होते. मरणाला नाही. ते म्हणाले, "ह्या घराले मी कार्ड देल्लं नाही. आता ह्याच घरात मले कार्ड येत नाही. बराबर हाय ना त्याचं. त्यानं मले पाहून ठेवलं."

जन्मभर ज्या माणसाने कार्ड आणि निवड यांत गल्लत करणाऱ्यांना फैलावर घेतलं, तो माणूस माझ्या घरात, माझ्या चादरीवर पडून, कार्ड आलं नाही म्हणजे देवाने आपल्याला टाकलं असं समजून बसला होता. आणि मंगळवारी त्याचं पोट फाडणार होते. मी त्यांचेच धडे त्यांना म्हणून दाखवले. जो यायला बघतो त्याला देव हाकलत नाही. यायची इच्छा देणाराही तोच. ज्याला आपण वगळलेले तर नाही अशी काळजी लागते, त्याने भिऊ नये. ज्याला खरंच काही घेणंदेणं नाही त्याला ही काळजी पडतच नाही. "हे तुम्हीच सांगत होते ना?"

"दुसऱ्याईले सांगत होतो," बाबा म्हणाले.

"मागून घ्या मग कार्ड. एक फोन करा."

"मागून घेतलेलं कार्ड म्हणजे कार्ड असते का?" त्यांनी पुन्हा भिंतीकडे तोंड केलं.

सासरे दारात उभे राहून हे सगळं ऐकत होते. एरवी अशी संधी त्यांनी सोडली नसती. त्या दिवशी ते आत जाऊन बाबांच्या पायांवर चादर टाकून आले, आणि मला हळूच म्हणाले, "फोन कर वं तू. टपाल कुठं अडलं ते पाहा."

तेव्हा माझं डोकं फिरलं. या भागाचं काम आता एका तिशीतल्या बाईकडे होतं, विमानतळाकडच्या मिहानमधल्या कुठल्याशा कंपनीत संगणकावर काम करणाऱ्या. बाई पंच झाल्याचं ऐकून बाबांनी एक आठवडा दाढी केली नव्हती. मी तिला फोन लावला आणि उचलली जीभ लावली टाळ्याला. म्हातारा माणूस, तीस वर्षं चर्चची सेवा केली, माझ्यावरचा राग त्याच्यावर काढता का, तुमचं पंचमंडळ गेलं खड्ड्यात, वगैरे. जेवढं चोवीस वर्षांत साठलं होतं तेवढं सगळं.

तिने पूर्ण ऐकून घेतलं. "ताई," ती म्हणाली, "कागदाची कार्डं बंद झाली ना. आता मोबाईलवर पाठवतो. चर्चमध्ये तसं सांगितलं होतं." बाबांच्या कानांपर्यंत ते पोचलं नसणार, आणि ज्या रविवारी लोक मोबाईल दाखवून आत जात, त्या रविवारी बाबांचा गुडघा दुखत असे. "अंकलनी तुमचाच नंबर दिलाय. मी दर वेळी पाठवलं आहे. तुम्ही बघितलंच नाही वाटतं."

या बाईकडून मला रोज सकाळी उगवत्या सूर्याचा फोटो आणि खाली एक वचन येत असे. तिसऱ्याच दिवशी मी तो नंबर गप्प करून दृष्टीआड ढकलला होता. आता फोन चालू ठेवूनच शोधला. एकावर एक सूर्य निघाले. साडेतीनशे सूर्योदय सारल्यावर मधे मधे चार कार्डं सापडली, आणि सगळ्यात खाली परवाचं पाचवं. कबुतराचं चित्र, तारीख, आणि खाली निमंत्रितांची नावं. पहिलं बाबांचं. दुसरं माझं.

माझं नाव, नवऱ्याच्या आडनावासकट. ते आडनाव बाबांच्या तोंडून मी कधी ऐकलं नव्हतं. लग्नाला चोवीस वर्षं झाली तरी ते घरी येणाऱ्यांना माझी ओळख "माही पोरगी" एवढीच करून देत.

"हे माझं नाव कोणी घातलं?"

"अंकलनीच. त्यांनी मला वही दिली ना, त्यावरूनच मी यादी केली," ती म्हणाली. "त्यात तुमचं नाव मधे कधी खोडलेलंच नाहीये, ताई. इतरांच्या नावापुढे 'दिलं' असतं, नाहीतर भांडण असेल तर 'थांबवलं' असतं. तुमच्या पुढे दर वेळी 'द्यायचं आहे' लिहिलंय. मी म्हटलं, द्यायचं आहे तर पाठवून देऊ."

मी फोन ठेवला आणि स्वयंपाकघरात जाऊन उगाच एक पातेलं घासलं. मला राग आला होता, आणि रडूही येत होतं, आणि कोणतं आधी करावं ते ठरेना. वर्षभर बाबांचं कार्ड माझ्या पर्समध्ये फिरत होतं. माझंही फिरत होतं. मी बसमध्ये, लॅबमध्ये, भाजीवाल्याकडे ते सोबत घेऊन हिंडत होते आणि मला टाकलं म्हणून सगळ्या जगावर फुरंगटून बसले होते. मुलगी कोणाची!

मी मोबाईल बाबांपुढे धरला. त्यांनी चष्मा लावला, मग चष्म्यावर भिंग धरलं.

"हे कार्ड हाय?"

"हाव. आता असंच येते."

त्यांनी स्वतःचं नाव वाचलं आणि खोल श्वास घेतला. मग भिंग खाली सरकलं आणि तिथंच थांबलं. मी विचारलं, "चोवीस वर्षं 'द्यायचं आहे' काय, बाबा? मी काय लंडनला राहत होते?"

"मी येऊनच राहिलो होतो," ते म्हणाले. "दर वेळी येत होतो ना. खिशात असे. तू मागशील असं वाटे."

"मागून घेतलेलं कार्ड म्हणजे कार्ड असते का?"

बाबांनी भिंग पुसलं आणि पुन्हा माझं नाव वाचलं, आडनावासकट, मोठ्याने.

रविवारी सासऱ्यांनी स्वतः बाबांच्या शर्टाला इस्त्री केली. दारात निरोप देताना म्हणाले, "जा बाप्पा, लागला तुमचा नंबर." बाबा रिक्षात चढता चढता वळून ओरडले, "नंबर नसते गा त्याच्यात! किती डाव सांगू?" म्हणजे प्रकृती सुधारली होती.

मी त्यांना नेहमीसारखं फाटकापाशी सोडून बाहेर कडुनिंबाखाली थांबणार होते. पण पोटाच्या दुखण्याने त्यांना एकट्याने पायऱ्या चढवेनात, म्हणून दारापर्यंत गेले. तिथं ती मिहानवाली उभी होती. तिने मोबाईलवर यादी उघडली आणि विचारलं, "अंकल, दोघं ना?"

मी नाही म्हणायला तोंड उघडलं. बाबांनी माझं मनगट पकडलं आणि खिडकीवरच्या जुन्या आवाजात, ज्याच्यापुढे रांगेतला माणूस वाद घालत नसे, त्या आवाजात म्हणाले, "दोघं."

मला विश्वास आहे का, हे मला विचारू नका. माझ्या मनात तो सकाळी नसतो, संध्याकाळी थोडा असतो. त्या दिवशी मी मागच्या बाकावर बाबांच्या शेजारी बसले, चोवीस वर्षांनी. गाणी तीच होती. हार्मोनियमवर दुसऱ्या बाई होत्या, पण सूर तेवढेच बेसूर. पावाचं ताट बाकाबाकावरून हातोहात येऊ लागलं. आमच्याकडे शेजाऱ्याने शेजाऱ्यासाठी ताट धरायचं असतं. बाबांनी स्वतःचा तुकडा घेतला आणि ताट माझ्यापुढे धरलं. मी बघत राहिले. पुढच्या बाकावरचे दोघंतिघं वळून बघायला लागले.

"घे वं," बाबा म्हणाले. "हात दुखून राहिला माहा."